शेवटचं कौतुक मी केलं नाही

टेबलं वाजली. जर्मन माणसं नेहमीच टाळ्या वाजवत नाहीत. बोटांची हाडं टेबलावर ठोकतात. ठक ठक ठक. युनिव्हर्सिटीत लेक्चर संपलं की ठोकतात, मीटिंग संपली की ठोकतात. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या त्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघून हसत होती आणि टेबलं ठोकत होती. भल्या मनानं ठोकत होती. माझा नुकताच भर सभेत अपमान झालाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि ज्यानं केला त्याला.

तो भाषण शिकवणारा क्लब होता. दर पंधरा दिवसांनी ऑफिस सुटल्यावर तिथं जमायचं. आयटीतली, बँकेतली माणसं. एकानं उभं राहून भाषण करायचं, आणि मग दुसऱ्यानं सगळ्यांदेखत सांगायचं की भाषण कसं झालं. त्याला इव्हॅल्युएशन म्हणायचे. त्याची एक रीत ठरलेली. आधी कौतुक, मग चूक, मग परत कौतुक. चूक मधे दडपायची, म्हणजे लागत नाही.

त्या दिवशी माझं पहिलं भाषण होतं. पहिलं भाषण स्वतःबद्दल करायचं असा तिथला नियम. आणि माझं इव्हॅल्युएशन करायला शिरीषदादा उभा राहिला. पुण्याचा. आमच्याच कंपनीतला, पन्नाशीला आलेला, माझा टीम लीड. आडनाव सांगत नाही. तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं, आणि इंग्रजीत म्हणाला:

"आमच्या देशात हिच्या समाजातली माणसं आमच्यासमोर तोंड उघडत नसत. आज ही तुमच्यासमोर उभी राहून बोलली. केवढा हा प्रवास! तिच्या इंग्रजीकडे, उच्चारांकडे आज आपण बघायचं नाही. तिच्या धैर्याकडे बघू या."

ठक ठक ठक.

मी काय केलं? मी "थँक यू" म्हटलं. उभं राहून, मान लववून. हसले सुद्धा. 

माझ्या भाषणात मी जातीचा ज सुद्धा काढला नव्हता. काढते कशाला! कायझर्सलाउटर्नला कशी शिकायला आले, सायकल चालवायला जर्मनीत शिकले, पहिल्या थंडीत नाकातलं रक्त बघून कशी घाबरले, असलं सगळं गुळमुळीत. घर नाही, गाव नाही, आई-बाप नाहीत. जणू मी विमानातच जन्मले. इतकं सगळं झाकलं. तरी त्यानं सगळ्यांसमोर ओढून काढलं. आणि कौतुक म्हणून काढलं.

ब्रेकमध्ये फ्राऊ लोरेन्त्स माझ्याजवळ आल्या. आमच्या डिपार्टमेंटच्या हेड, आणि या क्लबच्याही अध्यक्ष. त्यांनीच मला या क्लबात घातलं होतं. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम त्यांना पसंत होतं, पण कस्टमरसमोर माझं तोंड उघडत नाही अशी त्यांची तक्रार होती. "तुम्ही बोलायला शिका. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय, तेव्हा कायम करायचं बघू," असं त्या म्हणाल्या होत्या. ते कॉन्ट्रॅक्ट म्हणजे माझा व्हिसा. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर काही महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर बॅग भरायची. तर त्या फ्राऊ लोरेन्त्स आल्या, माझा दंड हलकेच दाबला, आणि म्हणाल्या, "किती सुंदर बोलले ते तुमच्याबद्दल!"

"या," मी म्हटलं. म्हणजे जर्मनमध्ये हो. 

शिरीषदादाला कळलं कसं, ते सांगते. ज्यांना हे कधी सोसावं लागलं नाही त्यांना वाटेल, विचारलं असेल सरळ. सरळ कोणी विचारत नाही हो.

मी नवीन होते तेव्हा आम्ही ऑफिसात दुपारी एकत्र जेवायचो. माझी शेंगदाण्याची चटणी त्याला भारी आवडायची. "मराठवाड्याची चव आहे बुवा!" म्हणून बोटं चाटायचा. एकदा आम्ही दोघं एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, फ्रँकफर्टला चाललो होतो. गाडीत गर्दी नव्हती.

"गाव कुठलं म्हणालीस?"

"परभणीकडचं."

"अरे वा. आणि कुलदैवत कुठलं तुमचं?"

आता कुलदैवत मी कुठून आणू? आमच्या घरी बुद्ध आहे, आणि त्याच्या शेजारी निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो आहे. मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, "तसं... घरात फारसं नाही कोणी करत देवाचं."

"अच्छा," तो म्हणाला. मग थांबला. मग परत, जरा लांबवून, "अच्छा अच्छा."

बस. झालं. पुढच्या स्टेशनपर्यंत तो माझी चौकशी करत होता, पण आवाज बदलला होता. "स्कॉलरशिपवर आलीस ना? सरकारी? चांगलंय. मिळतात तुम्हाला." दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिखट सोडलं. पोटाला बाधतं म्हणे. माझा डबा उघडा, आणि तो समोर बसून कोरडा ब्रेड चावतोय. त्याच आठवड्यात केरळच्या एका मुलानं आणलेलं मिरचीचं लोणचं त्यानं मिटक्या मारत खाल्लं.

तिथून भीती सुरू झाली. जर्मनीत आल्यावर मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला होता. इथं मी फक्त इंडरिन. भारतातली बाई. बेकरीवालीला माझ्या आडनावाशी घेणं नाही, घरमालकाला नाही. त्याला फक्त कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकते का एवढंच बघायचं असतं. इतकी वर्षं मी या सुखात होते. आणि आता ऑफिसच्या किचनमध्ये दोन मराठी माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की माझे तळहात ओले व्हायचे. माझ्याबद्दलच बोलतायत. नसतीलही. पण मला तेच वाटायचं. मी कॉफी न घेताच परत फिरायची.

क्लबातल्या त्या दिवसानंतर तर शिरीषदादा फारच गोड झाला. मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार लावलं.

"हायडेलबर्गला तू माझ्याबरोबर स्टेजवर येणार आहेस," तो म्हणाला.

आमच्या भागातल्या अशा सगळ्या क्लबांची मिळून एक संघटना होती. वर्षातून एकदा हायडेलबर्गला तिचा मेळावा भरायचा. भाषणं, वर्कशॉप, आणि मधल्या वेळात उंच टेबलांभोवती उभं राहून हातात ग्लास घेऊन ओळखी करायच्या. नेटवर्किंग! कोणाचं कार्ड कोणाच्या खिशात गेलं यावर नोकऱ्या हलायच्या. त्याच मेळाव्यात पुढच्या वर्षाचा विभागप्रमुख निवडायचे. शिरीषदादाला तेच व्हायचं होतं. भाषणाचा विषयही ठरला होता. मार्गदर्शनानं माणूस कसा बदलतो. आणि बदललेला माणूस म्हणून त्याला मी हवी होते.

"मी बोलेन. मग तुला बोलावीन. तू एवढंच म्हणायचं, मी मुकी होते. शिरीषनं मला आवाज दिला. आणि थँक यू. बास. दोन मिनिटं."

"पण मी मुकी नव्हते, दादा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही धड.

"अगं, लोकांना स्टोरी लागते! झिरोपासून हिरो. आणि एक, तिथं ते तुमचं पॉलिटिक्स काढायचं नाही हं. फोटो, जयंत्या वगैरे. जर्मन लोकांना ते झेपत नाही." मग पुढे वाकून, अगदी मायेनं, "लोरेन्त्सबाईंशी मी बोलतोय तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं. काळजी करू नकोस. आपली माणसं आपणच सांभाळायची असतात."

आपली माणसं! चटणी चालत नाही, आणि आपली माणसं!

पण हे मनात. तोंडानं मी "हो दादा" म्हटलं. मला घर आठवलं. धाकट्या भावाचं शिक्षण, माझ्या वडिलांचं, अण्णांचं, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं माझ्यावर. आणि समोर बसलेल्या माणसानं एक शब्द टाकला तर मार्चनंतर मी इथं असणार, नाही टाकला तर नाही. मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू.

त्या रविवारी स्टेशनजवळच्या कॉल शॉपमध्ये गेले. आईला फोन लावला. ती म्हणाली, आवाज असा का येतोय तुझा? मी आधी काही नाही काही नाही म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं.

आई मग म्हणाली, "तितंबी हायत व्हय ते?"

एवढंच. तिला वाटलं होतं, लेक सात समुद्र ओलांडून गेली म्हणजे सुटली. 

"आन मुकी म्हनं! तू! चौथीत होतीस, माईक सोडंना झाली होतीस. अण्णांनी उचलून खाली घेतली तुला."

मला खरंच विसर पडला होता का? नाही. विसर नव्हता पडला. मी ते आतल्या आत पुरून ठेवलं होतं, कारण ते सांगितलं की जात कळते. जयंतीचा दिवस. वस्तीच्या चौकात ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर सतरंजी, एक टेबल, टेबलावर माईक. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. त्यांनी महिनाभर मला भाषण शिकवलं. रोज कामावरून आले की ग्रीसचे हात धुवायचे आणि म्हणायचे, हं, कर सुरू. त्या दिवशी एवढी माणसं बघून मी रडायलाच लागले. तर कानात म्हणाले, "पाय थरथरले तर थरथरू दे. ते टेबलामागं हायेत. कोनाला दिसत न्हाईत. तू तोंड चालू ठेव." मी ठेवलं. सगळी वस्ती ऐकत होती. म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावत होत्या. ते सगळं मी पुसून टाकायचं, आणि म्हणायचं की मला पुण्याच्या शिरीषनं बोलायला शिकवलं!

आईनं फोन अण्णांना दिला नाही. ते झोपलेत म्हणाली. बरं झालं. त्यांच्याशी मला बोलवलं नसतं.

हायडेलबर्ग. जुन्या इमारतीतला मोठा हॉल. छातीवर नावाचे बिल्ले. बाहेर नदीवर ऊन. दीड-दोनशे माणसं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शिरीषदादा मला या टेबलावरून त्या टेबलावर नेत होता. "ही ती मुलगी," असं प्रत्येकाला सांगत होता. प्रत्येक जण आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघून मान हलवायचा. बाजारात बैलाचे दात दाखवतात ना, तसं चाललं होतं.

मग त्याचं भाषण. चांगलं बोलतो तो, नाही म्हणत नाही. हसवलं, गप्प केलं. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या देशात काही माणसांना हजारो वर्षं आवाजच नव्हता. त्यांच्यातली एक मुलगी मला सापडली. मुकी. आज ती तुमच्याशी बोलेल."

सापडली. रस्त्यावर छत्री सापडते तशी.

मी स्टेजवर गेले. आणि बघते तर तिथं टेबल नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं. मोकळा स्टेज आणि उभा माईक. माझे पाय थरथरत होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. पहिल्या रांगेतल्या टेबलाशी फ्राऊ लोरेन्त्स, मांडीवर हात, चेहऱ्यावर तेच प्रेमळ हसू. बाजूला शिरीषदादा, हात पाठीमागं बांधून, माझ्याकडे कौतुकानं बघत. पाठ केलेली वाक्यं ओठावर होती. मी मुकी होते. तीन शब्द. म्हटले की मार्चचा प्रश्न सुटला.

तोंड उघडलं, आणि ते शब्द काही निघेनात. खरंच निघेनात. अण्णांचे ते ग्रीसचे हात डोळ्यासमोर आले.

मी म्हटलं, "शिरीषचं भाषण मी आत्ता ऐकलं. मला त्याचं इव्हॅल्युएशन करायचंय."

लोक हसले. त्यांना वाटलं, काय गोड कल्पना आहे. शिरीषही हसला.

"आधी कौतुक. आवाज चांगला आहे. हातवारे चांगले आहेत. वेळ पाळली." थोडी टेबलं वाजली.

"आता चूक. शिरीष म्हणाला, मी मुकी होते. ते खोटं आहे. मी शाळकरी असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून भाषण केलं. मला माझ्या बापानं शिकवलं. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. मला कोणी शोधून काढलेलं नाही. मी हरवलेच नव्हते."

 माझा आवाज फाटत होता. इंग्रजी अडखळत होतं. मी थांबले नाही.

"शिरीषनं सांगितलं, आमच्या माणसांना आवाज नव्हता. होता. बोललं की मार बसायचा. पाणी तोडायचे. वस्ती जाळायचे. हे कोण करायचं, ते त्याच्या भाषणात आलं नाही. त्याच्या आज्या-पणज्यांचं गाव त्यात होतं. ते त्यानं सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी कोणालाही माझी जात माहीत नव्हती. मी सांगितली नव्हती. त्यानं सांगितली, मला न विचारता, एश्बॉर्नमध्ये. आणि तुमच्यापैकी जे तिथं होते त्यांनी टेबलं वाजवली. मी थँक यू म्हटलं. ते थँक यू मी आज परत घेते."

शिरीषचे हात पाठीमागून पुढे आले होते.

"आता रीतीप्रमाणे शेवटी परत कौतुक करायचं असतं," मी म्हटलं. "ते माझ्याकडे नाही."

आणि मी खाली उतरले.

कोणी टेबल वाजवलं नाही. एकानंही नाही. कोणी तरी खोकलं. सूत्रसंचालक हातातल्या कागदाकडे बघत "आल्झो...", म्हणजे तर मग, असं म्हणाला, आणि कॉफीचा ब्रेक जाहीर केला. माणसं उठली आणि माझ्या बाजूनं न जाता दुसऱ्या बाजूनं गेली. कॉफीच्या उंच टेबलांशी जिथं मी जाऊन उभी राहीन तिथली गर्दी पातळ व्हायची. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पाणी आलं. आरशात बघितलं तर बिल्ला उलटा झाला होता, तो सरळ केला.

फ्राऊ लोरेन्त्स जिन्यात भेटल्या. "ते फार खासगी होतं," त्या म्हणाल्या. "इथं आणायला नको होतं."

"मी नाही आणलं, फ्राऊ लोरेन्त्स."

"मला तुमच्याकडच्या गोष्टी कळत नाहीत," त्या म्हणाल्या आणि घड्याळात बघितलं.

संध्याकाळी निवडणूक झाली. शिरीष निवडून आला. ठक ठक ठक. मला बाहेर, सायकलींच्या स्टँडपाशी गाठून म्हणाला, "काय गं, किती कडवट आहेस! मी तर तुझं चांगलंच सांगत होतो. जर्मन लोकांसमोर देशाची लाज काढलीस. आता कॉन्ट्रॅक्टचं माझ्या हातात नाही हं, सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हटलं. दादा म्हटलं नाही. परत कधीच म्हटलं नाही.

परतीच्या गाडीत बसले. मोकळं वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर नाही वाटलं. भयंकर भीती वाटत होती. हे काय करून बसले मी? भावाचं काय, अण्णांच्या डोळ्याचं काय? मॅनहाइमला गाडी बदलायची होती, ती सुद्धा चुकले.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. प्रोजेक्ट संपत आलाय, असं सांगितलं. प्रोजेक्ट संपत आलेला नव्हता, माझ्या जागी मार्चमध्ये दुसरा येणार होता, त्याला काम शिकवायचं मलाच सांगितलं गेलं. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का?

क्लबची पुढची संध्याकाळ आली. मी येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. मी पण धरलं होतं. ऑफिसमधून निघाले, स्टेशनच्या रस्त्याला लागले, आणि अर्ध्यातून वळले. वर्षाची वर्गणी मी भरली होती. बोलायला शिका म्हणून मला पाठवलं होतं. मग शिकणार.

हॉलमध्ये शिरले तर बोलणं थांबलं. मी दुसऱ्या रांगेत बसले. शेजारचा माणूस पाणी आणायला म्हणून उठला आणि मागं जाऊन बसला. त्या दिवशी शिरीषचं भाषण होतं. नवा विभागप्रमुख म्हणून. विषय, सर्वांना बरोबर घेऊन जाणारं नेतृत्व.

फ्राऊ लोरेन्त्स पुढं उभ्या होत्या. भाषणाआधी विचारायची रीत होती, ती त्यांनी पाळली. "याचं इव्हॅल्युएशन कोण करेल?"

मी हात वर केला. हात थरथरत होता. पुढं टेबल होतं, पण वर केलेला हात त्यामागं लपत नाही, सगळा हॉल बघत होता. मी खाली घेतला नाही.

फ्राऊ लोरेन्त्सनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्यावरून नजर नेऊन मागच्या रांगांकडे बघितलं. "अजून कोणी?" त्या म्हणाल्या. कोणी हललं नाही. शिरीष कोटाचं बटण लावत होता, ते लागत नव्हतं. "कोणीच नाही का?" त्यांनी परत विचारलं.

"मी आहे ना," मी म्हटलं, आणि उठून उभी राहिले.